लाल पट्टीचा डबा

सोमवार, ३ तारीख
आजपासून इस्पितळात कामाला लागले. ऑपरेशनची हत्यारं धुवायची खोली. खिडकी मोठी, नळाला गरम पाणी, बसायला स्टूल. या वयात आणखी काय हवं? नातीच्या डोक्यातली गाठ इथंच काढणार आहेत. म्हटलं, पोरीच्या डोक्यात जे जाणार ते माझ्या हातून धुऊन जाऊ दे. लेक म्हणाली, आई, घरी बस. घरी बसून काय अंडी घालू? चौथीपर्यंत शिकले, पण भांडं घासण्यात मला कोणी शिकवू नये.

गुरुवार, ६
कोपऱ्यात लाल पट्टीचा डबा, जाळायला काढलेला. सोबतीणीला सगळे मुकी म्हणतात, कारण तिचं तोंड मिटत नाही. ती म्हणाली, आतल्या कात्र्या-चिमटे एका बाईच्या डोक्याच्या ऑपरेशनला वापरले होते. बाई थरथरायला लागली, माणसं ओळखेना, महिन्यात गेली. म्हणून चांगलं पोलाद जाळायचं? उद्या ढेकूण झाले तर घर पेटवाल! दोनदा खळखळून उकळलं, लख्ख केलं, डोक्याच्या ऑपरेशनच्या चार डब्यांत (एकाच्या कोपऱ्याला पोचा आहे) जिथं कमी होतं तिथं घातलं. लाल पट्टीच्या डब्यात मोडकं-गंजकं भरून भट्टीला धाडलं. मुकी तेव्हा जेवायला गेली होती.

मंगळवार, ११
भट्टीवाल्यानं डब्यातलं मोडकं-गंजकं बघून वर कळवलंय. मोठ्या सिस्टरनं दोनदा विचारलं, त्या डब्याला हात कोणी लावला? मी म्हटलं, मला काय ठाऊक. कबूल केलं तर हाकलतील, शुक्रवारचं नातीचं ऑपरेशनही लांबेल, आणि गाठ काही थांबणार नाही. मुकी आज खरंच मुकी. माझ्या हातांकडे बघत होती.

बुधवार, १२
इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना उगाच विचारतेय असं दाखवून विचारलं, त्या बाईला काय झालं होतं. म्हणाले, हा जंतू नाही, विषाणूही नाही, त्याहून साधं. अंगातलंच एक प्रथिन, घडी चुकलेलं. ते शेजारच्यालाही तशीच घडी घालायला लावतं, मग त्याच्या शेजारच्याला. वर्षानुवर्षं कळत नाही. मग मेंदूची चाळण. औषध नाही.
मी विचारलं, उकळलं तर?
हसले. म्हणाले, आजी, जे जिवंतच नाही ते मरणार कसं? पोलादाला चिकटून बसतं.
घरी येऊन जेवले नाही. कुठला चिमटा कुठल्या डब्यात, मलाच आठवत नाही. सगळे सारखेच लख्ख. माझेच हात.

गुरुवार, १३
मोठ्या सिस्टरला सगळं सांगितलं. तिनं आधी दार लावलं. मग बोटांवर मोजलं. गेल्या गुरुवारपासून त्या चार डब्यांनी सात डोकी उघडली. सात. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, हे इथंच पुरा. नातीसाठी नवा डबा मागवते, काळजी करू नका.
इतकी गोड का बोलली?
आणि उद्या बाकीच्यांना तेच डबे—

शुक्रवार, १४
सकाळ. ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेय. नवा डबा धुवायला माझ्याकडे आलाच नाही. मुकीला विचारलं. तिनं मान फिरवली.
पोरीला गाडीवरून आणलं. डोकं भादरलेलं. म्हणाली, आजी, रडू नकोस गं, घाण दिसतेस.
मागून सिस्टर. हातात डबा, वर हिरवं फडकं. विचारलं, हाच का नवा? हो म्हणाली. थांबली नाही.
फडकं सरकलं.
कोपऱ्याला पोचा. नव्याला पोचा कसा—
दार लावतायत— उठते— अगं थांबव, तो डबा—