पाणसळीने आखलेल्या दोन रेषा

कोल्हापूर,
गुरुवार

मेहुणे श्री. दत्तप्रसाद यांस नृसिंहाचा सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आता जिना मान्य करतो की अजून आक्षेप घेतो, ते कळवावे. माई गेल्या आठवड्यात पेठ वडगावास आपल्या घरी सुखरूप पोहोचल्याचे कळले. बहिणीचा भावाकडील मुक्काम जितका दीर्घ, तितका तिच्या प्रकृतीस हितकर, असे माझे मत आहे. (या मताची कारणे यथाक्रम येतील.)

चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या मनुष्यास दुपारी घरात खंडन करण्याजोगे फारसे काही उरत नाही. आपल्या चि. उन्मेषने दिवाळीत सांगितले होते की, शेअर सकाळी घेऊन त्याच दिवशी विकायचा असेल, तर आलेखावर आदल्या दिवसाचा उच्चांक व नीचांक यांच्या आडव्या रेषा आखाव्यात. भाव तेथून बहुधा माघारी फिरतो. ('बहुधा' हा शब्द मला तेव्हाच खटकला होता.) लॅपटॉपवरील अक्षरे बारीक, म्हणून मी आलेख दिवाणखान्यातील मोठ्या टीव्हीवर घेतला. रेषा आखण्याची सोय आतच कुठेतरी असते म्हणे. मला ती सापडली नाही. तेव्हा माई ज्या मार्करने मसाल्याच्या बरण्यांवर तारखा घालते तो घेतला, न्हाणीघराची फरशी बसवण्यास आलेल्या केरबा गवंड्याची पाणसळ (बुडबुड्याने समपातळी दाखवणारी पट्टी) मागून घेतली, आणि दोन्ही रेषा थेट काचेवर आखल्या. रेषा वाकडी असेल तर सिद्धान्तही वाकडा होतो.

केरबा दारातून पाहत होता. "सर, टीव्हीला गिलावा करायचा इचार हाय काय?" म्हणाला. उपहासास उत्तर देऊ नये, हा माझा जुना नियम आहे.

पुढचे चार दिवस मी केवळ निरीक्षण केले. चारही दिवस सर्वांत वरचा भाव वरच्या रेषेला आणि सर्वांत खालचा खालच्या रेषेला केसभरही न चुकता टेकला. धूर तेथे अग्नी, तशी रेषा तेथे माघार, ही व्याप्ती मी सिद्ध मानली. पाचव्या दिवशी भाव खालच्या रेषेला टेकताच एका कंपनीचे शेअर घेतले. भाव रेषेवर उभा राहिला. दुपारपर्यंत उभाच होता. फोनमध्ये मात्र तोटा वाढत होता. म्हणजे भाव गडगडत होता, परंतु माझ्या रेषेवर उभा राहून गडगडत होता. या दोन गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत, हे मी रिकाम्या खोलीत अर्धा तास मोठ्याने सिद्ध केले.

तो आवाज ऐकून केरबा हात पुसत आला. "सर, रेघ काचंवर हाय, चित्र आत हालतंय. भाव कुठला थांबतोय? ह्यो टीव्हीच सगळं दाबून तुमच्या दोन रेघांत बसवतोय की! आकडं बघा," असे म्हणत त्याने माईने टीव्हीच्या उजव्या कडेला सोडलेली लोकरीची झालर उचलली. तिच्याआड माझ्या रेषेसमोरचा भावाचा आकडा खरोखरच बदलत होता. (अशा चुकीस मी विद्यार्थ्यांना दहापैकी शून्य देत असे. केरबाला चहा दिला.)

तोटा सोसण्याजोगा आहे. वहिनींस नमस्कार.

आपला,
नृसिंह

ता. क. : मार्कर पुसला जात नाही. खोबरेल, लिंबू व टूथपेस्ट हे तिन्ही उपाय असिद्ध ठरले. हा टीव्ही आपणच भाऊबीजेस माईला दिला होता, आणि माई त्याची काच स्वतःच्या चष्म्याच्या आधी पुसते. केरबा रविवारी रंगाऱ्याकडून काहीतरी आणणार आहे. तोवर माईला जोतिबाला न्यावे. परत आल्यावर पुन्हा न्यावे. या पत्राचे प्रयोजन एवढेच.

दुसरा ता. क. : वरील विनंती रद्द समजावी. पत्र पाकिटात घालतो आहे तोच माई एसटीने आली. टीव्हीकडे पाहून "अहो, इकडे उभे राहा" एवढेच म्हणाली, आणि मला टीव्हीसमोर उभे करून काढलेला फोटो तिने आपणास पाठवला आहे. त्यात माझे मस्तक वरच्या रेषेला केसभरही न चुकता टेकलेले दिसेल. तो योगायोग आहे. कृपया त्यावरून नियम काढू नये.