दाराआड गेलेलं माणूस

७ मे १९८३, औसा

पुन्हा तेच! टँकर आला म्हणून घागर घेऊन रांगेत उभी राहिले, तर घरातून अप्पांचा हंबरडा— "बेबी! बेबी कुठाय?" सगळी रांग वळून बघायला लागली. ब्याऐंशी वर्षांचे वडील आणि त्यांची बावन्न वर्षांची बेबी. अर्धीच घागर घेऊन परतले. मला पाहताच गप्प. पदराचं टोक मुठीत घट्ट.

तान्ह्या बाळापासून खेळणं लपवलं की त्याच्या लेखी ते उरतच नाही. पुढे कधीतरी कळतं— दिसत नसलं तरी असतं. अप्पांचं ते कळणंच परत गेलंय. मी दाराआड गेले की संपले!

११ मे

लातूर जिल्हा झाल्यापासून तिथं सारखं काहीतरी नवं उघडतंय. आता अध्यापक विद्यालय. बालमानसशास्त्र शिकवाल का, असं मला विचारलंय. मला! आईच्या आजारपणात घरी आले ती इथंच राहिले. घरी बसून एम.ए. केलं तेव्हा सगळे हसले होते. पंधरा जूनला हजर व्हायचं.

शेषेराव नांदेडहून आला होता. आल्या आल्या दोन बादल्या पाणी अंगावर ओतून घेतलं! म्हणाला, "ताई, ह्या वयात नोकरी? अप्पा तुझ्याशिवाय राहतात का?"

"तू ने ना त्यांना थोडे दिवस."

"आमच्याकडं? तिसऱ्या मजल्यावर?"

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं परत गेलासुद्धा.

१२ मे

आज मी उंबऱ्यापर्यंतच; पदर अप्पांच्या मुठीत. रस्ता बघितला, झालं.

१७ मे

शिकवायचं म्हणून आयुष्याच्या आठ अवस्था पुन्हा वाचल्या. माझ्या वयात माणसानं पुढच्यांना काही द्यावं, नाहीतर ते साचून राहतं. पुस्तक मिटूनच टाकलं. म्हातारपणी मागे वळून समाधान मानायचं म्हणे— अप्पा तर शेवटच्या पायरीवरून थेट पहिलीवर येऊन बसलेत. पहिलीवरचा प्रश्न एवढाच: विश्वास ठेवायचा की नाही? गेलेलं माणूस येतं की नाही?

हैदराबादचं कॉन्व्हेंट आठवलं. सात वर्षांची होते. अप्पा फाटकाशी सोडून गेले आणि मी गज धरून रडले. सिस्टर आग्नेस म्हणाल्या, शनिवारी येतील. आले! रुमालात पेरू बांधून. पुढच्या शनिवारीही आले. मग रडू आपोआप थांबलं.

अप्पांनी मला शिकवलं तेच आता त्यांना शिकवायचं. जायचं आणि यायचं.

२० मे

पलीकडच्या गल्लीतली नागुबाई. खडी फोडायला जायची, गुडघ्यामुळं सोडलं. तिला अप्पांपाशी बसवलं.

"जावा तुमी बिनघोर. रडू द्या की! गावात न्हाई, निदान डोळ्यांत तरी पाणी हाय म्हनायचं."

गल्लीला वळसा घालून आले. अप्पा रडून लाल. "अप्पा, आले मी." पदर पुन्हा मुठीत.

२ जून

स्टँडपर्यंत जाऊन आले. निघताना अप्पा थोडं मुसमुसले, मग शांत. आई परत येणार ही खात्री असलेलं मूल खुशाल खेळतं— पुस्तकातलं वाक्य घरात खरं होतंय!

९ जून

आज दिवसभर लातूर! वर्ग बघितले, नवा फळा, अजून चुन्याचा वास. परत येताना स्टँडपासून अक्षरशः धावले. दारात ऐकू आलं ते हसू. अप्पा आणि नागुबाई चिंचोके खेळत होते.

"अप्पा, आले मी."

वर बघितलं. "कोण? या, बसा." आणि पुन्हा डावात.

"दिसभर एकदा बी रडले न्हाईत, बाई. लई गुणाचं लेकरू!"

आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

१० जून

अप्पांच्या ओठाखाली तंबाखू! नागुबाईला फार बोलले.

"चिमूटभरच की वो बाई. मागितली म्हून दिली."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. ऱ्हायलं." चप्पल घातली नि गेली.

१५ जून

आज हजर व्हायचं होतं. लातूरची गाडी माझ्याविना गेली. अप्पा सकाळपासून दाराकडं तोंड करून बसलेत, जेवत नाहीत. मघाशी मलाच अदबीनं विचारलं, "बाई, ती चिंचोके खेळणारी कधी येणार?"

"येईल," म्हणाले. नागुबाईचं घर इथून दिसतं. हाक मारायला उठले नाही.