दगड उघडेपर्यंत

सोमवार, ३ जुलै

दगड उघडणं परत पुढं ढकललं! वन्संनी चर्चच्या पायरीवरच सांगून टाकलं — "यंदा जमायचं नाही. टाउन्सव्हिलची मंडळी येत नाहीत." मागच्या वर्षी केर्न्सची मंडळी येत नव्हती. टेकडीवर माझ्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड कापडाखाली झाकलेला, आणि मी खाली घरात तशीच.

दगड उघडला, नाच झाला, जेवणं उठली की सुतक फिटतं. तोवर त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो भिंतीकडं तोंड करून, आणि आवाज तर नाहीच नाही. आमच्या बेटाची, घराण्याची रीत आहे. मी मानते. या वहीतही त्याला 'तो'च लिहिते.

पण मला त्याचा आवाज ऐकायचाय. बास. दुसरं काही मागत नाही.

तो आवाज आमच्या रेडिओ स्टेशनच्या संगणकात आहे. माझ्या 'कठीण दिवसांतलं काम' या कार्यक्रमाचा पहिला पाहुणा तोच होता — वादळानंतर अख्ख्या बेटाच्या होड्या परत उभ्या करणारा माणूस! तो गेल्यावर वन्संनी सांगितलं म्हणून त्या मुलाखतीवरचं नाव मीच पुसलं. रोज त्याच खुर्चीत बसते. एक बटण दाबलं की झालं. दाबत नाही.

बुधवार, १२ जुलै

आजची पाहुणी डॉक्टर डेलायला. आपल्याच बेटाची, आता ब्रिस्बेनमध्ये मोठी सर्जन. मी विचारलं, कठीण दिवसांत कशानं तग धरलात? म्हणाल्या, शिस्त. पहाटे उठणं. ध्येय. सगळे मोठे लोक पहाटे उठतात! मीही उठते पहाटे. उठून करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

माईक बंद झाल्यावर मात्र खुर्चीत सैल बसल्या. "इथं सोप-सोप कुठं चांगलं मिळतं हो? आईच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर नाहीच." मी घरी घेऊन आले. नारळाच्या दुधात रताळं, भोपळा शिजवला. बाईंनी पातेलं पुसून खाल्लं आणि खाता खाता रडल्या. वसतिगृहात पहिली दोन वर्षं कुणाशी बोलल्याच नव्हत्या म्हणे. हे माईकवर का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "अहो, ते कोण ऐकणार!"

त्या गेल्या. दोन ताटल्या धुताना बरं वाटलं.

गुरुवार, १३ जुलै

आज एक ताटली.

मंगळवार, २५ जुलै

कप्तान आयझॅक आले होते. सरकारी बोटीवर आयुष्य काढलं, एकही माणूस गमावला नाही. मुलाखत देताना मात्र शब्द म्हणजे जणू यांच्या घरचं सोनं!

"वादळात इंजिन बंद पडलं, तेव्हा काय केलंत?"

"चहा केला."

"चहा?"

"मग काय! इंजिन गार व्हायला वेळ लागतो, पोरी."

मी हसले. माईकवर, मोठ्यानं! मग वाटलं, वन्संनी ऐकलं असेल. निघताना म्हातारबांनी विचारलंच — "दगड कधी?" म्हटलं, वन्संना विचारा. "ती? ती होय म्हणायची नाही इतक्यात," म्हणाले आणि काठी टेकत गेले. का नाही म्हणायची? मला छळायला?

मला वन्संचा राग येतो. लिहूनच टाकते. भावजय एकटी मरतेय याचं त्यांना काय!

रविवार, ३० जुलै

काही नाही. वारा.

शुक्रवार, ४ ऑगस्ट



पोहण्याच्या प्रशिक्षक बाई यायच्या होत्या. त्यांना आणायला धक्क्यावर गेले (विमान शेजारच्या बेटावर उतरतं, तिथून फेरीबोट), तर वाऱ्यामुळं विमानच आलं नाही. स्टेशनवर जॉयलिनला फोन केला — ती केर्न्सहून बदलीवर आलीय, महिनाही झाला नाही. म्हटलं, "लाव गं एखादी जुनी मुलाखत, मी येतेच."

धक्क्यावरच्या दुकानात रेडिओ चालू होता. थोडं संगीत. आणि मग तो!

"हे बघ, लाकडाला घाई चालत नाही —"

दुकानदारीण मासा हातात धरून तशीच उभी. फेरीबोटवाल्यानं इंजिन बंद केलं. सगळे माझ्याकडं बघताहेत आणि कुणीच बघत नाही.

मी पळाले. या वयात, चढावर, चपला हातात घेऊन! दुपारी आमचा कार्यक्रम घराघरात लावलेला असतो. एका खिडकीतून "फळी वाकवायची तर आधी भिजवायची", पुढच्या घरातून त्याचं ते खोकल्यासारखं हसू, त्याच्या पुढच्या घरातून माझाच प्रश्न. जो आवाज मला हवा होता, तो सगळ्या रस्त्यानं माझ्याबरोबर पळत होता, आणि मी तो बंद करायला धावत होते! थांबावंसं वाटलं. कुणाच्या तरी कुंपणाला टेकून नुसतं ऐकावं. पण वन्सं. आणि रीत.

स्टेशनच्या दारात पोचले तेव्हा तो म्हणत होता, "कठीण दिवसांचं विचारतेस? खरं सांगू का, मी ना —"

मी बटण दाबलं.

जॉयलिन पांढरीफटक. "सगळ्यांवर नावं होती, ही एकच बिननावाची. मला वाटलं, कधी लागलीच नसेल, लोकांना नवी वाटेल." तिचं काय चुकलं? नाव तर मी पुसलं होतं.

शनिवार, ५ ऑगस्ट

वन्संचा फोन नाही. बाजारात लोक वाट सोडून बाजूला झाले. चहा केला. तसाच गार झाला.

रविवार, ६ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. वन्संच आल्या. मी दारातच माफी मागायला लागले, तर हातानं गप्प केलं. आत येऊन जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून. पहिल्यांदाच इतक्या म्हाताऱ्या दिसल्या.

म्हणाल्या, "टाउन्सव्हिलची, केर्न्सची, सगळी मंडळी दोन्ही वर्षं तयार होती. मीच नको म्हटलं. दगड उघडला की गेला ना गं तो."

मग त्यांनी माझा हात धरला.

"बंद कशाला केलंस? मी रेडिओला कान लावून बसले होते. पुढं काय म्हणाला गं तो?"