बादाहोसचं दार

ब्रिडपोर्ट, ५ मार्च १८४९

चि. अमॉस भावोजींस थर्झाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? राणीसरकारचं पदक आल्यापासून तुम्ही म्हणे ते टोपीला लावून डुकरांची कवायत घेता. गाडीवाला सांगत होता.

आता कामाचं. तुमच्या दादाच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत बसवायचं ठरलं. पाद्रीबाबांनी मजकूर दिलाय, की रूबेन पिनी स्पेनमधल्या बादाहोस शहराच्या तटाच्या भगदाडात, सर्वांत पुढे, फ्रेंचांशी लढता लढता पडला. रविवारी त्यांनी प्रवचनातही सांगितलं, की आपल्या लाल डगलेवाल्यांनी ते शहर घेतलं, पण तिथल्या एका बाईच्या केसालाही धक्का लावला नाही. मला भरून आलं.

एकच खडा लागतो. जत्रेत तुमच्या पलटणीतला एक लंगडा भेटला. म्हणाला, लढाईच्या दुसऱ्या दिवशी त्यानं रूबेनला शहरात धडधाकट पाहिला. मी त्याला बेवडा म्हणून हाकलला. पण तुम्ही तर दादाच्या शेजारीच होता. पाथरवट हॅलेट शनिवारी, सतरा तारखेला, छिन्नी लावणार. भगदाडच ना? एका ओळीत कळवा.

आजवर जशी माया केलीत तशीच करा.

थर्झा

क्रूकर्न, ८ मार्च

ति. थर्झा वहिनींस अमॉसचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा तसाच. धुराड्यातून धूर उलटा येतो, डुकरीण खात नाही, मला कशाचीच खात्री वाटत नाही. पदक टोपीला नाही, मिठाच्या डब्यात आहे.

पाद्रीबाबा शिकलेले, त्यांचं बरोबरच असणार. लंगड्याचं मनावर घेऊ नका. पण दगडाची एवढी घाई कशाला? दमट हवेत अक्षर नीट उठत नाही म्हणतात. उन्हाळ्यात बघू. थंडीला जपा.

अमॉस

क्रूकर्न, १० मार्च

ति. वहिनींस सा. न.

परवाचं पत्र चुलीत घाला.

भगदाडात आम्ही दोघंही होतो. फ्रेंचांनी तुळयांत तलवारींची पाती ठोकून आडवी टाकली होती. मागचे लोटायचे, पुढचे पात्यांत रुतायचे. मी ज्याच्या पाठीवर पाय देऊन चढलो तो जिवंत होता. आमच्यातला एकही आत शिरला नाही. शहर पडलं ते दुसऱ्या बाजूच्या शिड्यांवरून. दादा आणि मी, दोघंही तिथून आपल्या पायांनी उतरलो.

मग आम्हाला दारू सापडली. केसाचं काय घेऊन बसलात, वहिनी, आम्ही बाळ्या कानासकट ओढल्या. म्हातारे संगिनीनं भोसकले. आमची रीत अशी, की दार बंद दिसलं की बंदुकीचं तोंड कुलपाला लावायचं आणि चाप ओढायचा. त्या सकाळी मी सात दारं अशी उघडली. आठव्याचं कुलूप उडालं तरी दार हलेना. आतून कोणीतरी रेटून धरलं होतं. बाहेर इतका गोंगाट, की आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा बार भरला आणि या वेळी छातीच्या उंचीवर धरला.

हे नीट वाचा. आत माणूस आहे हे मला ठाऊक होतं. कोण, ते नव्हतं.

बार उडाला, दार उघडलं, तेव्हा दिसलं. दादा दाराला पाठ लावून उभा होता. गोळी पाठीतून गेली. मागे जिन्यावर एक बाई आणि तिच्या दोन मुली. त्यांच्यासाठी त्यानं दार धरलं होतं. मला ओळखून तो एवढंच म्हणाला, की अम्या, दार लाव. मी लावलं नाही. माझ्यामागे चौघं होते, ते त्याला ओलांडून आत गेले. मी रस्त्यात उभा राहून सगळं ऐकलं.

तुम्हाला नमस्कार लिहायचा हक्क मला उरला की नाही, कळत नाही. तरी लिहिला.

अमॉस

ब्रिडपोर्ट, १९ मार्च

भावोजी,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी तुम्हाला काय काय म्हणाले ते कोंबड्यांनी ऐकलंय, कागदावर आणत नाही.

पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दारूच्या भरातल्या म्हाताऱ्याचं बोलणं, असला दगड चर्चमध्ये लागला तर आपल्या सैन्याची अब्रू जाईल. मी म्हटलं, भिंत तुमची, दगड माझा. हॅलेटनं शनिवारी तो माझ्या घराच्या दारापाशी भिंतीत बसवला. एवढंच कोरलंय, की रूबेन पिनीनं बादाहोसला दार धरलं.

सदतीस वर्षं मी त्याला त्या भगदाडात पाहत होते, आणि चेहरा काही केल्या दिसत नव्हता. आता दिसतो. वादळात आमच्या गोठ्याचं दारही तो असंच पाठ लावून धरायचा.

माफी माझ्याजवळ नाही. ती त्या बाईजवळ आणि तिच्या मुलींजवळ. आशीर्वादही या पत्रात घातलेला नाही, शोधू नका.

ईस्टरला या. दार बंद असेल. ढकलू नका. वाजवा, आणि मी उघडेपर्यंत बाहेर उभे राहा.

थर्झा