विहिरीवर बुडबुडे आले नाहीत

माय, काल मी आपल्या वावरातल्या विहिरीत उतरले, पार तळाच्या गाळावर जाऊन बसले आणि धडधाकट वर आले. तू असतीस तर आधी दोन धपाटे घातले असतेस आणि मग गल्लीतल्या एकेका बाईला थांबवून थांबवून हेच सांगत बसली असतीस. अजून डोकं ठिकाणावर नाही, भीतीनं नाही वं, खुशीनं. सकाळी चहा केला तो बिनसाखरेचा, परत केला तर त्यात चहापत्तीच नाही. दादानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पोट्टी पागल झाली आपली." चाळिशीला आलेय मी, पण दादाच्या लेखी अजून पोट्टीच. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, तेव्हापासून माय म्हण, बाप म्हण, सगळं तोच. म्हणून तर कालचं सगळं रामायण घडलं. पुढच्या महिन्यापासून मला अंदमानात एक नवं काम मिळतंय, आणि त्याला दादाची हो हवी होती. त्याचा शब्द मोडूनही गेले असते, कोण अडवणार होतं? पण घशाखाली घास उतरला नसता.

तू समुद्र पाहिला नाहीस, म्हणून नीट सांगते. मी लोकांना पाण्याखाली नेते. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी. श्वास घेतला की हवा आत येते, सोडला की बुडबुडे होऊन भसाभसा वर निघून जाते. आता गंमत ऐक. आपण एका श्वासातला ऑक्सिजन थोडासाच वापरतो. उरलेला तसाच बाहेर टाकतो. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा म्हशीला पाजणारी बाई तू, तुला ही उधळपट्टी बघवली नसती. तर एक मशीन आहे, रिब्रीदर म्हणतात त्याला. त्यात सोडलेला श्वास वाया जात नाही. तो नळीतून मागे फिरतो, चुन्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या डब्यातून जातो, ते दाणे त्यातली खराब हवा धरून ठेवतात, मशीन चिमूटभर नवा ऑक्सिजन घालतं आणि तोच श्वास परत आपल्या तोंडाशी. गोल गोल फिरत राहतो. एवढासा सिलिंडर तासन् तास पुरतो. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. मासे घाबरत नाहीत गं! पहिल्यांदा ते लावून उतरले तेव्हा एक भलामोठा मासा येऊन माझ्या चष्म्यात डोकावला, जणू विचारत होता, काहून आली वं अथी? मी आतल्या आत इतकी हसले की तोंडातली नळी सुटायची राहिली. हेच मशीन शिकवायचं काम मला मिळतंय.

ते शिकत होते तेव्हा तू रोज आठवायचीस. बाबा आरा गिरणीत होते म्हणून आपल्याकडे भुशाला तोटा नव्हता, आणि भुशाची शेगडी भरणं हे तुझंच काम. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, चहूकडून भुसा टाकायचा, दाबायचा, ठोकायचा, मग बाटली गोल फिरवत अलगद उपसायची. एकदा पाहुणे आले म्हणून मी घाईनं भरली. एका बाजूला पोकळी राहिली, आग तिकडूनच पळाली, घरभर धूर. तू खोकत खोकत ओरडलीस, "घाई कायची होती वं तुले? कडंकडंनं ठोकत जाय. पोकळ राह्यलं का आग तथूनच पयते!" तर माय, या मशीनचा डबा अगदी तसाच भरायचा असतो. मधे जाळीची नळी, भोवती दाणे. थोडे टाकायचे, बाजूनं टिचक्या मारायच्या, दाणे बसले की परत थोडे टाकायचे. कुठं पोकळ राहिलं तर श्वास तिथूनच निसटतो, दाण्यांना न शिवता, आणि खराब हवा परत छातीत. शिकवणारे सर माझा हात पाहून म्हणाले, "तू आधी भरला आहेस का असा डबा?" मी म्हटलं, "हो, स्वयंपाकघरात." ते हसले, मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. कारण त्याच धड्यात मला तुझं दुखणं कळलं होतं. श्वास कोंडल्याची जी तडफड होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते. आतली खराब हवा साठली की शरीर बोंब मारतं. तू भिंतीला टेकून बसायचीस, खांदे वर-खाली, "हवा भेटून नाई राह्यली" म्हणायचीस, आणि आम्ही पळत जाऊन खिडकी उघडायचो. बाहेरची हवा भरपूर होती गं. तुझ्या आतली निघत नव्हती. आणि ती निघत नव्हती ती त्या धुरापायी. त्या शेगडीचा मला अजून राग येतो, आणि अजून ती डोळ्यांपुढे आली की भूकही लागते. काय करू?

दादानं कुठंतरी फोनवर व्हिडिओ पाहिला, असं मशीन लावलेला कुणी माणूस पाण्यात गेला आणि आलाच नाही. झालं! मला बोलावून घेतलं. मी खोटं बोलले नाही. सांगितलं की हे मशीन साध्या सिलिंडरपेक्षा कपटी आहे. ऑक्सिजन कमी पडला तर ते कळवतही नाही, माणूस बरं वाटता वाटता बेशुद्ध होतो. खोल पाण्यात जास्त झाला तर झटके येतात. म्हणून आत तीन सेन्सर असतात, ते ऑक्सिजन मोजतात. दोघांचं एक पडलं आणि तिसरा वेगळं बोलला तर तिसऱ्यावर संशय. दादा लगेच म्हणाला, "अन् दोघं मिळून खोटं बोलले तं?" काय डोकं आहे बघ! मी म्हटलं, म्हणूनच उतरायच्या आधी तिघांनाही शुद्ध ऑक्सिजन देऊन तपासते, आणि मनात जरा शंका आली तरी साधा सिलिंडर बाजूला लटकवलेला असतो, त्याची नळी तोंडात घालून वर यायचं. त्यानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "आपल्या इहिरीत उतर. माह्या डोयापुढं. मले पटलं तं जाय. नाई पटलं तं ते मशीन माह्या घरात नको, अन् तू बी तिकडं नको."

मग काय, कामाच्या गावी परत गेले आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन आले. सिलिंडर अकोल्यात भरून घेतले आणि तिथून एका ओळखीच्या जीपनं मेडशी. जीपवाला विचारतो, "पेशंट कोन हाय बाई?" सोयाबीन निघालंय, तूर फुलावर आहे, हरभरा नुकता वर आलाय, आणि यंदा विहीर चांगली पाच-सहा परस भरलेली, एकावर एक पाच-सहा माणसं उभी केली तरी बुडतील. विहिरीवर अर्धं गाव. मी डबा भरला, सेन्सर तपासले, नळ्या पाण्यात बुडवून कुठं गळतंय का बघितलं. मग काठावर बसून, नाक चिमटून, नजर आकड्यांवर ठेवून नुसता श्वास घेत राहिले. उतरायच्या आधी हे करावंच लागतं, दाणे काम करतायत की नाही ते जमिनीवरच कळलेलं बरं. मागून शेजारचे काका म्हणाले, "विपश्यनेले बसली का हे?" सगळे खो खो हसले. दादा हसला नाही. तिकडं आम्ही एकटं कधी उतरत नाही, पण इथं जोडीदार कुठून आणू? दादाला हात केला आणि गेले खाली.

काय सांगू तुला, माय! वरचं पाणी हिरवं, मग गडद हिरवं, मग टॉर्चच्या उजेडात काळा पाषाण, आणि त्यावर अजून पहारीचे ओरखडे. कान दुखायला लागले की नाक दाबून फुंकायचं, पुढं जायचं. याच विहिरीत मी पोहायला शिकले. बाया म्हणायच्या, पोरीच्या जातीला कायले पाह्यजे हे? आणि तू तेलाची रिकामी कॅन दोरीनं माझ्या पाठीला बांधून दिलीस. एवढी मोठी भेट मला परत कुणी दिली नाही. तेव्हा पोट्ट्यांची पैज लागायची, तळाचा गाळ मुठीत कोण आणतो. दादा दरवेळी जिंकायचा. गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून वर यायचा आणि डोकं बाहेर आल्यावरच भस्सकन श्वास सोडायचा. काठावरचे लोक नुसते बुडबुड्यांवर डोळा ठेवून असायचे, बुडबुडे येतायत ना, मग पोट्टा ठीक आहे. मी तळाला बसले. गाळाच्या कडेला एका फटीतून झरा येतोय, बारीक वाळू उकळी आल्यासारखी नाचतेय. आयुष्यभर या झऱ्याचं पाणी प्यालो आपण, आणि बघितला कुणी नव्हता! माझाच श्वास गोल फिरून माझ्याकडे येतोय, मशीन मधूनच टिक करून ऑक्सिजन घालतंय, तिन्ही आकडे जागच्या जागी. मी झऱ्यावर बोट ठेवून बसले, लहान पोरीसारखी.

आणि वर काय चाललं होतं? मी सगळ्यांना सगळं समजावलं होतं, एक गोष्ट सोडून. बुडबुडे येणार नाहीत, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात ते सगळ्यांना माहीत असतं. इथं अर्धं गाव पाण्याकडे टक लावून बसलेलं आणि पाणी थाळीसारखं सपाट. मी वर यायला निघाले, अर्ध्यात पोचले, तर वरून काहीतरी येतंय. मोटरचा पाइप धरून, एका हातावर एक हात टाकत, सदरा फुगलेला, दादा! पन्नाशीचा माणूस, माय! त्यानं मला गाठलं आणि धरली ती नेमकी माझ्या तोंडाची नळी. तो मला वाचवत होता, आणि नळी सुटली असती तर पाणी त्या चुन्याच्या दाण्यांत जाऊन तोंड भाजणारं कालवण माझ्या घशात आलं असतं. मी दातांनी गच्च धरली. त्याचा दम संपलेला, डोळे बाहेर आलेले. मी बाजूच्या सिलिंडरची नळी त्याच्या तोंडात खुपसली आणि बटण दाबलं. त्यानं श्वास घेतला. आधी खोकला, मग परत घेतला. पाण्याखाली, आपल्या विहिरीत, माझा दादा श्वास घेतोय! त्याचे डोळे काय झाले होते ते मला शब्दात सांगता येत नाही. त्याच्या तोंडून बुडबुड्यांचा लोट वर गेला, आणि वर लोक "आले, आले!" म्हणून नाचले म्हणे.

आता खरी भीती तिथून पुढं. खाली दाबाची हवा घेतली की वर येताना ती छातीत फुगत जाते. सोडत सोडत यावं लागतं. ओठ मिटून आलं तर फुफ्फुस फाटतं, आणि त्याला दोन-तीन परस पाणीही पुरतं. दादानं काय केलं? छातीभर श्वास घेतला, वर बघितलं, गाल फुगवले आणि पक्का कोंडून धरला. पैज जिंकणारा तो! मी खुणा केल्या, त्याला वाटलं चल म्हणते. पाय मारायला लागला. मी त्याच्या पट्ट्यात हात घालून त्याला खाली ओढून धरलं. पोटावर दाबलं, सोडेना. शेवटी बरगडीखाली बोटं खुपसून गुदगुल्या केल्या. तो पहिल्यापासून गुदगुल्यांचा कच्चा. फुर्रकन सगळी हवा सुटली. नवा श्वास घेतला की परत गुदगुल्या. असं मी त्याला इंचाइंचानं वर आणलं, माझं काळीज तोंडाशी आलेलं आणि तो नळीतून हसतोय.

वर येताच त्याला बोलायला लावलं, छातीत दुखतं का विचारलं, थुंकीत रक्त बघितलं, मग तालुक्याला, मालेगावच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. काही नाही, ठणठणीत. विहिरीच्या काठावर मात्र तो बराच वेळ ओल्या कपड्यांनी बसला होता. मग म्हणाला, "मले वाटलं तू बी गेली." मी माझा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. डोकं पुसता पुसता म्हणाला, "खाली तो पयला श्वास आला न, तवा मले मायच दिसली." आणि मग एकदम भडकला, सगळ्यांदेखत, "काडीची अक्कल नाई तुले! बुडबुडे येत नाईत हे आधी सांगाले काय झालतं? तिकडं जाऊन लोकायले पयले हे सांगत जाय." तिकडं जाऊन, म्हणाला. झाली की गं हो!

हे तुला पोचायचं नाही, आणि दादाच्या हाती तर मी लागूच देणार नाही, म्हणून एक गोष्ट इथंच लिहून टाकते. तो फुगलेला सदरा हिरव्या पाण्यातून खाली येताना दिसला, तेव्हा हा मरेल, मलाही मारेल, हे कळायच्या आधी क्षणभर मला भल्लं बरं वाटलं, माय. कुणीतरी मला घरी न्यायला आलं होतं.