थोरल्या मेहुणीचा ट्रॅक

३ मार्च
थोरल्या मेहुणीचे पार्सल आले. आत चार ट्रॅकचा रेकॉर्डर. ट्रॅक एकवर तिने एका युगलगीतातला आपला भाग गाऊन ठेवला आहे. ट्रॅक दोनवर सौ.ने आपला गायचा आणि यंत्र परत धाडायचे. बाराला मेहुणीची सत्तरी. पाहुण्यांना दोघी बहिणी एकत्र ऐकू याव्यात, अशी योजना. लग्ने झाल्यापासून दोघी एकत्र गायलेल्या नाहीत. तांत्रिक जबाबदारी मी स्वीकारली. ती मला कोणी दिली होती असे नव्हे.

४ मार्च
रेकॉर्डरला स्वतःचा माइक आहे, त्यातच गाते आणि मोकळी होते, असे सौ.चे म्हणणे. सकृद्दर्शनी आकर्षक, तत्त्वतः सदोष. एखादी गोष्ट सोपी आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. व्याख्यानमंडळाने मोडीत काढलेला मिक्सिंग बोर्ड माळ्यावर आहे. तो जोडणार.

५ मार्च, सकाळी
मॅन्युअल न वाचण्याचा निर्णय. मॅन्युअल हे आप्तवचन, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास. अनुमान थकल्यावरच त्याकडे वळावे. बोर्डाचे आऊट रेकॉर्डरच्या इनमध्ये, रेकॉर्डरचे आऊट बोर्डाच्या इनमध्ये. निर्दोष रचना.

दुपारी
वायर आखूड. जेवणाचे टेबल खिडकीशी नेले. जेवण मांडीवर.

७ मार्च
जोडणी पूर्ण. स्विच लावताच घरभर किंकाळी. कुणाला भाजलं का, म्हणून शेजारीण विचारून गेली. सिग्नल पोचतो हे निर्विवाद सिद्ध झाले.
सौ. दारात येऊन म्हणाली, आवाज गोल फिरून स्वतःलाच ऐकतोय. यालाच चक्रकदोष म्हणून तुम्ही तर्कशास्त्रात पोरांना नापास करायचात ना? मी खुलासा केला, की दोष युक्तिवादाला असतो. वायरी युक्तिवाद करत नाहीत. ती म्हणाली, या घरात तेवढ्याच करत नव्हत्या.

८ मार्च
एक वायर काढली, किंकाळी थांबली. ही सुधारणा मला स्वतंत्रपणे सुचली.
मुलीचा फोन. बाबा, मॅन्युअल वाचलंत का? नाही असे मी म्हणालो नाही. मी येऊ का, म्हणाली. मी येण्याचे प्रयोजन विचारले. मग तिने फोन आईकडे द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ हसत होत्या. विषय वेगळा असावा.

९ मार्च
यश. रेकॉर्डरचे सर्व लाल दिवे एकदम पेटले. चाचणीसाठी 'एक, दोन, एक, दोन' म्हटले. आवाज उत्तम लागल्यामुळे पुढे अनुमानाच्या स्वरूपावर थोडे बोललो. ऐकून पाहिले. भारदस्त. उद्या सौ. गाणार.

१० मार्च
सौ.ने हेडफोन लावले. काही वेळाने विचारले, ताई कुठाय?
ट्रॅक एकवर ताई नाही. ट्रॅक एकवर अनुमानाचे स्वरूप आहे. दोन, तीन आणि चारवरही तेच.
मेहुणी मुळात गायलीच नसावी, ही शक्यता सौ.पुढे मांडली. पुन्हा मांडणार नाही.
सौ.ने हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि आत गेली. बोलली असती तर खंडन करता आले असते.

११ मार्च
मॅन्युअल वाचले. 'जपायच्या ट्रॅकचे रेकॉर्ड-बटण आधी बंद करावे.' वाक्यरचना ढिसाळ, पण अर्थ पोचतो. मेहुणीला मीच फोन करून कबूल करणार. निवेदनाची प्रस्तावना लांबली. उद्या.

१२ मार्च
मी निवेदन घेऊन बाहेर येईतो सौ.ने फोन लावलाही होता, स्पीकरवर. मेहुणी ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, त्यात काय, पाहुणे बसलेत, मी सुरू करते, तू ये मागून. आणि दोघी फोनवरच गायल्या. आवाज पोचायला क्षणभर उशीर होत होता. म्हणून ही तिच्यासाठी थांबे, ती हिच्यासाठी, मग दोघी एकदमच घुसत आणि हसत पुन्हा ओळ धरत. पलीकडे पाहुणे, अलीकडे शेजारीण, सगळे टाळ्या वाजवत होते.
मेहुणी म्हणाली, अगं, हे टेप करायला हवं होतं, कुठायत तुझे प्रोफेसर?
सौ. म्हणाली, हळू बोल ताई. ऐकलं तर जोडायला येतील.
मी दारामागे होतो. एक वायर हातात घेतलीच होती. ती ठेवून दिली. टाळ्यांसाठी दोन्ही हात मोकळे लागतात, असे कारण तूर्त नोंदवतो.