एकमताचं रजिस्टर

अहेरी,
६ जानेवारी १९९२

प्रिय गुणवंतभाऊ,

चंद्रपूरहून तुमचं पाकीट पोचलं. रशिया कोसळला ते अमेरिकेच्या कारस्थानानं, असं तुम्ही दोन पानं भरून लिहिलं. सोबत येत्या रविवारच्या सभेचा वृत्तांतही पाठवला, मी चांगल्या अक्षरात रजिस्टरात उतरवावा म्हणून. अहो, सभा व्हायची आहे अजून. कोण बोलणार, काय ठरणार, टाळ्या कुठी वाजणार, सारं आधीच लिहून तुम्ही मोकळे. अन् शेवटी, ‘एकमताने मंजूर’. वाचून माझं टाळकंच सरकलं.

मी शिलाई मशीनवर बसायची, तेव्हा तुम्हीच मले आपल्या बांबू कामगार सोसायटीत आणलं. पोरगी चार अक्षरं लिहीन, जग पाहीन, असं अब्बाले समजावलं. रशियाची गुळगुळीत मासिकं वाचायले दिली. तिथी कष्टकऱ्याचं राज्य आहे, हे सांगताना तुमचे डोळे भरायचे, माझेही भरायचे. ते खोटं नव्हतं भाऊ. म्हणूनच आज राग जास्त येऊन राह्यला.

शहाऐंशीचा श्रावण आठवा. वरून उद्दिष्ट आलं, आपल्या सोसायटीतल्या लालसूच्या गावाजवळचा कवळा बांबूही तोडा. बेटांत नुकतेच कोंब फुटले होते. कोणाचा विरोध आहे का, तुम्ही सभेत विचारलं. लालसू गप्प. त्याच्या गावात गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं. एक माणूस जरी गप्प असला तरी सारं गाव त्याच्यापाशी बसून राहते, कामाचा दिवस बुडाला तरी चालते, पण तो बोलल्याशिवाय काही ठरत नाही. हे त्यानं तुम्हालेच सांगितलं होतं, त्याच्या अंगणात चहा पिताना. त्या दिवशी तुम्ही घड्याळ पाहिलं अन् म्हणाले, लिही जाहिदा, एकमतानं. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावचा एकही माणूस कामावर आला नाही. तुम्ही लालसूले फितूर म्हणून काढलं, तेही एकमतानं. बाकी गावांच्या माणसांकडून उद्दिष्ट पुरं झालं, तुमचा सत्कार झाला. आज त्या बेटांत काठीपुरता बांबू नाही अन् आपल्या माणसांले काम नाही. इथी कोणती अमेरिका आली होती? रशियातही असेच लालसू गप्प बसले असतील, अन् माझ्यासारख्या एखादीनं ते एकमत म्हणून लिहिलं असेल. मग एक दिवस कोणीच कामावर आलं नाही, बस.

काल मी लालसूच्या घरी गेली. माफी मागितली. तो काहीच बोलला नाही. त्याच्या बायकोनं जेवू घातलं. निघताना रजिस्टर मी त्याच्यापाशी ठेवून आली. हेच कळवायले हे पत्र. रविवारी सभा लिहायची असेल तर रजिस्टर आणायले तुम्ही स्वतः जा. तो आधी गप्प बसेल. घड्याळ घरी ठेवून जा.

भांडली तरी तुमचीच,
जाहिदा